कला-इतिहासात पदवी घेतली तर पुढे काम मिळतं का?

मिळतं. पण नुसत्या पदवीच्या जोरावर संग्रहालयात क्युरेटर होता येईल, असं धरून चालू नका. त्या जागा मोजक्याच असतात आणि बहुतेक ठिकाणी एमए लागतं, कधी कधी पीएचडीसुद्धा.

यात खरी मेहनत असते ती नीट बघण्याची. यान व्हान आयकचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र घ्या. मागच्या भिंतीवर छोटा बहिर्गोल आरसा आहे. त्यात दारातून आत येणारी आणखी दोन माणसं दिसतात आणि आरशाच्या वर चित्रकाराची सही आहे. ती दोघं कोण, सही अशी भर भिंतीवर का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. असे प्रश्न तुम्हाला छळत असतील तर हा विषय जरूर घ्या.

लिलावगृहं, प्रकाशन, अध्यापन या वाटा आहेतच. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलाकृतींच्या मालकीचा इतिहास शोधण्याचं काम. नाझींनी बळकावलेल्या कलाकृतींबाबत १९९८ मध्ये वॉशिंग्टन तत्त्वं, म्हणजे अशा कलाकृती शोधून त्यांच्या मालकीचा न्याय्य तोडगा काढण्याबाबत अनेक देशांनी मान्य केलेली सूत्रं, ठरली आणि तेव्हापासून या कामाला वेग आला. जुन्या पावत्या, चौकटीमागचे शिक्के, लिलावाच्या याद्या चाळून चित्र मूळ कुटुंबाच्या वारसांपर्यंत पोचवणं, याहून मोलाचं काम कुठलं?

जतन-संवर्धन करायचं असेल तर मात्र रसायनशास्त्र हवं, त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं. आणि पहिल्या वर्षापासूनच एखादी परकी भाषा शिकायला घ्या. मूळ कागदपत्रं वाचता आली नाहीत तर संशोधन तिथेच अडतं.