आजीच्या चौरंगावरची वेल

प्रश्न : आजीच्या सावंतवाडी चौरंगाची नक्षी मधोमध उडाली आहे, कडेची शाबूत आहे. सगळं खरवडून ऑइलपेंट मारू का?

उत्तर : ताई, खरवडू नका! कडेची वेल हाच तुमचा नमुना. आधी ती बटरपेपरवर उतरवून घ्या. सुटलेले पोपडे तेवढे काढा, तिथे 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, खळगे लांबीने (लाकडाच्या पुट्टीने) भरा. मग प्राइमर, जमिनीचा म्हणजे वेलीमागचा रंग, शेवटी वेल. आईच्या पाटावर मी घाईने ओल्या रंगावरच लाखेचं पॉलिश फिरवलं आणि लाल फुलं पिवळ्या जमिनीत पसरली. अजून हळहळ वाटते. रंग दोन दिवस वाळू द्याच, मगच वरून पॉलिश. चौरंगावर गरम पातेलं ठेवणार असाल, तर लाखेचं पॉलिश नको, पांढरे डाग पडतात. पारदर्शक वॉर्निश लावा.