शमी म्हणून लावलेले झाड शमीच आहे का?

प्रश्न : दसऱ्याच्या पूजेसाठी मी नागपुरातील एका रोपवाटिकेतून शमीचे रोप आणून अंगणात लावले. यंदा त्याला तुरे आले, पण ते अर्धे गुलाबी आणि अर्धे पिवळे आहेत. शेजारी म्हणतात, ही शमी नव्हेच. शिवाय मोकळ्या प्लॉटवर माजणारी वेडी बाभूळ म्हणजेच शमी, असेही काही जण सांगतात. खरे काय?

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. खाली लोंबणारा दुरंगी तुरा हा डायक्रोस्टॅकिस सिनेरिया या झुडपाचा असून शमीच्या नावाने ते सर्रास विकले जाते. खरी शमी म्हणजे प्रोसोपिस सिनेरारिया. तिच्या लांबट मंजिऱ्या फिकट पिवळ्या, एकरंगीच असतात. मात्र फुलांची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण काटे पुरेसे बोलके असतात. आपल्या झुडपात आखूड बाजूच्या फांदीचे टोकच काटा बनलेले दिसेल आणि त्यावर कधी कधी पानेही असतील. शमीचे काटे आखूड, सरळ व बुडाशी रुंद असून दोन पेरांमधल्या (पेर म्हणजे फांदीवर पान फुटते ती जागा) भागावर विखुरलेले असतात. वेडी बाभळीचे काटे मात्र पेरापाशी, बहुधा जोडीने येतात.

वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातील असून एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली. तिलाही प्रोसोपिस याच प्रजातीत गणले जाई, म्हणून हा गोंधळ समजण्यासारखा आहे. 2022 साली अभ्यासकांनी अमेरिकेतील या जाती नेल्टुमा या वेगळ्या प्रजातीत घातल्या. तिच्या गोड शेंगा गुरे आवडीने खातात, शेणातून बी दूरवर पसरते आणि नुसती तोडल्यास ती बुंध्यापासून पुन्हा फुटते, त्यामुळे ती मुळासकटच काढावी लागते. शमीचा स्वभाव अगदी वेगळा आहे. राजस्थानात खेजडी या नावाने ती बाजरीच्या शेतात मुद्दाम राखली जाते, तिचा पाला जनावरांना आणि कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, भाजीला उपयोगी पडतात. 1730 साली खेजडली गावात हीच झाडे वाचवताना 363 बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, हे प्रत्येक वृक्षप्रेमीने आवर्जून लक्षात ठेवावे.

आपले सध्याचे झुडूप देशीच आहे, ते उपटू नये. फक्त मुळांतून येणारे फुटवे वेळीच काढावेत. नवी शमी भरपूर उन्हात लावावी आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. रोप घेताना काटे पेरांच्या मधे आहेत ना, एवढे दुकानातच पाहून घ्यावे.