साड्यांच्या दुकानात दिवसभर उभं राहून पाय सुजतात, मालक बसू देत नाहीत. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय, "बाकीच्या मुली राहतात उभ्या, माझेच पाय नाजूक असतील." असं अजिबात समजू नका. मी अकरा वर्षं साड्यांच्या काउंटरमागे काढलीत. संध्याकाळी चप्पल पायात शिरायची नाही, मोज्याच्या रबराचा वळ तासभर जायचा नाही. पोटरीवर निळ्या शिरा फुगून आल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले.

पायातलं रक्त वर ढकलायला पोटरीच्या स्नायूंची मदत लागते, आणि ते काम चालताना होतं. एका जागी उभं राहिलं की रक्त खाली साठतं, शिरांमधल्या झडपांवर ताण येतो. म्हणून चालण्यापेक्षा नुसतं उभं राहणंच जास्त बाधतं.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो घरातला जुना पाट. चार बोटं उंचीचा. काउंटरखाली ठेवला; एक पाय त्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. कमरेची कळ त्यानेच कमी झाली. गिऱ्हाईक नसलं की टाचा वर-खाली करायच्या. भारी साड्यांचे गठ्ठे कमरेच्या उंचीच्या फळीवर आणून घ्या. रात्री पाय उशीवर ठेवा. घट्ट मोजे मात्र डॉक्टरांना दाखवून, मापानेच घ्या. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रक्ताची गाठ असू शकते.

आता बसण्याचं. केरळात कोळिकोडच्या दुकानांतल्या बायका कार्यकर्त्या पी. विजी यांच्या पुढाकाराने याच हक्कासाठी लढल्या. २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला, दुकानदाराला बसायची सोय करणं भाग पडलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. आपल्याकडे तर जुन्या दुकानांत पांढऱ्या गादीवर बसूनच साड्या उलगडून दाखवायचे, त्यात कुणा गिऱ्हाइकाला अपमान वाटला नाही!

आमचे मालकही आधी "बरं दिसत नाही" म्हणाले होते. आम्ही पाचजणी मिळून गेलो, दुपारच्या निवांत वेळेला. दोन ते चार, आळीपाळीने बसायचं, एवढंच मागितलं आणि मिळालं. तुम्हीही एकट्या जाऊ नका. स्टूल मागाल ते उंच मागा, अर्धवट टेकता येईल असं. गिऱ्हाईक आलं की त्यावरून पटकन उठता येतं, मालकांना हे आधीच सांगा.