सेडानचं सस्पेन्शन उचलून घेतलं तर गावचे खराब रस्ते आणि मनालीचा बर्फ दोन्ही जमेल का?

तुम्ही लिहिलंय की २०१६ ची पेट्रोल होंडा सिटी आहे, गणपतीला पुण्याहून कणकवलीकडे गावी जाताना पोट घासतं, गॅरेजवाला म्हणतोय चारी बाजूंनी दीड इंच उचलून देतो, आणि डिसेंबरात हीच गाडी घेऊन मनालीच्या पुढे, अटल टनेलपलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जायचंय, तर आत्ताच काम करून घेऊ का. थोडक्यात सांगायचं तर गावच्या रस्त्यासाठी उचला, पण आधी मागून आणि थोडीच. बर्फासाठी म्हणून उचलत असाल तर ते पैसे टायर आणि बर्फात चाकाला गुंडाळायच्या चेनला लावा.

माझी डिझायर आहे, तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यातलं अंतर, १६३ मिमी, तुमच्या सिटीचा १६५, म्हणजे दोघं एकाच होडीतले. आता हा १६५ चा आकडा रिकाम्या गाडीचा आहे हे लोक विसरतात. पाच माणसं, डिकीत गणपतीचं सामान, दोन नारळाची पोती, वर आईने दिलेली फणसाची पिशवी, एवढं झाल्यावर मागची बाजू सहज दीड-दोन इंच खाली बसते आणि मग जो गतिरोधक एकट्याने जाताना कळतही नाही त्यावर सायलेन्सर खर्रकन घासतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं आहे, तसा असेल तर भरलेली सेडान पण आरामात जाते. पण गावात ग्रामपंचायतीने रात्रीत टाकलेला डांबराचा ढीग ना १० सेंमीचा असतो ना ३.७ मीटरचा, आणि सिटीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २६०० मिमी, म्हणजे पुढची चाकं उतरली तरी मागची अजून यायचीत, मधलं पोट त्याच्यावर टेकणारच.

म्हणून गॅरेजला जायच्या आधी घरीच एक माप घ्या. सपाट जागेवर गाडी उभी करायची, चाकाच्या मधल्या कॅपपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं, चारी चाकं, आधी रिकामी मग माणसं बसवून. रिकामी असतानाच मागची एक बाजू दुसरीपेक्षा बरीच खाली दिसली किंवा भरल्यावर फारच बसली तर तुमच्या मागच्या स्प्रिंग बसल्यात किंवा एखादी मोडलीय, शॉकअप पण गेले असतील. एवढ्या वर्षांच्या गाडीत हे अगदी नॉर्मल आहे. अशा वेळी वरून पॅकिंग घालणं म्हणजे दुखण्यावर बाम लावण्यासारखं, आधी कंपनीच्या नव्या स्प्रिंग आणि शॉकअप टाका, बऱ्याच गाड्यांची अर्धी तक्रार तिथेच संपते.

नव्या स्प्रिंगवरही घासत असेल तर मग उचलायचे मार्ग बघू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे स्प्रिंग बफर, ते रबराचे किंवा पीयूचे (एक प्रकारचं चिवट प्लास्टिक) गोल, स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये बसतात. दोन-चार हजारांत मागची जोडी होते, अर्ध्या तासात बसते. हे गाडी फार उचलत नाहीत पण भरल्यावर बसू देत नाहीत, आणि तुमचा खरा प्रॉब्लेम तोच आहे. तोटा असा की एकट्याने चालवताना मागून कडक लागते, खड्ड्यात धाडधाड करते, बायको पहिल्याच दिवशी विचारेल काय करून आणलंय हे. माझ्या गाडीला मागे हेच आहेत, पुढे काहीच नाही. साइज मात्र वेटोळ्यांमधली फट मोजूनच घ्या, मोठा बफर कोंबला तर तेवढी वेटोळी कामच करत नाहीत.

दुसरं म्हणजे पॅकिंग, ज्याला हल्ली लिफ्ट किट म्हणतात. पुढे शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर ॲल्युमिनियमची किंवा नायलॉनची चकती येते आणि मागे स्प्रिंगखाली. गॅरेजवाला दीड इंच म्हणतोय ते हेच असणार. इथे नीट ऐका, कारण पुढचं चाक हे नुसतं वर-खाली होणारं चाक नाही, त्याला ताकद पोचवणारा एक्सल आहे, खालून धरणारा लोअर आर्म आहे, स्टिअरिंगला जोडणारा टाय रॉड आहे, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर आहे. वरून ३८ मिमीची चकती घातली की बॉडी तेवढी वर जाते आणि चाक तेवढंच खाली लोंबतं, मग एक्सल कायम वाकड्या कोनात फिरतो, त्याचा रबरी बूट लवकर फाटतो, ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळं फासल्यासारखं दिसतं, आणि नंतर स्टिअरिंग पूर्ण कापून वळवलं की कट-कट आवाज सुरू. टाय रॉडचा कोन बदलल्यामुळे खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग आपोआप थोडं ओढतं. टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली) आणि कॅम्बर (चाक उभं किती कललेलं) दोन्ही हलतात, टो अलाइनमेंटमध्ये सेट होतो पण बहुतेक सेडानमध्ये कॅम्बरला ॲडजस्टमेंटच नसते. मागे उलटी गंमत, स्प्रिंगखाली पॅकिंग घातलं पण शॉकअप जुन्याच लांबीचा राहिला, त्यामुळे तो आधीच ताणलेला, खड्ड्यातून चाक खाली गेलं की टोकाला जाऊन ठक्क वाजतो.

म्हणून दीड इंच नको. पुढे घालायचंच असेल तर १५, फार तर २० मिमी, आणि मागे तेवढंच किंवा थोडं जास्त. काम करणाऱ्याला दोन गोष्टी समोर उभं राहून करायला लावा. एक, वरच्या माउंटिंगचे तीन बोल्ट आखूड असतात, चकती आल्यावर नटला आटे पुरत नाहीत, त्यामुळे किटमध्ये स्वतःचे लांब बोल्ट असलेलीच चकती घ्यायची, कुणी म्हणालं जुन्याच बोल्टला वेल्डिंग मारून लांब करतो तर चावी उचला आणि घरी या. दोन, फिटिंग झाल्यावर गाडी जॅकवर असतानाच चाक पूर्ण लोंबू द्यायचं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि बॅटरी मारून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जातेय का बघायचं. ताणली जात असेल तर चकती बारीक करा. नंतर अलाइनमेंट, आणि रात्री भिंतीसमोर हेडलाइटची उंची, कारण पुढून उचललं की समोरच्याच्या डोळ्यात लाइट जातो.

पेट्रोल गाडीत डिझेल मॉडेलच्या पुढच्या स्प्रिंग टाकायचा जुगाड पण चालतो, डिझेल इंजिन जड म्हणून ती स्प्रिंग कडक असते आणि हलक्या पेट्रोलखाली गाडी वर राहते. चालतं, पण पुढून घोड्यासारखी उडते, मला नाही आवडलं.

टायरचं पण बघा. तुमच्या गाडीला १७५/६५ आर १५ असतील, दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. १८५/६५ आर १५ टाकले तर हिशोबाने साडेसहा मिमी उंची वाढते, कसलीही खोलाखोली नाही, स्पीडोमीटर दोन टक्क्यांनी कमी दाखवतो एवढंच. आणि साडेसहा मिमी ऐकायला काहीच नाही वाटत पण सस्पेन्शन कितीही उचललं तरी मागचा बीम आणि लोअर आर्म यांची चाकाकडच्या बाजूची जमिनीपासूनची उंची फारशी वाढत नाही, ती टायरनेच वाढते. सोबत पुढे चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, लोखंडी चेंबर गार्ड लावून टाका. आपल्याकडे चिऱ्याचे डंपर जाऊन जाऊन दोन चाकोऱ्या खोल होतात आणि मध्ये दगडाचा कणा राहतो, तिथे एक दिवस चेंबरला लागणारच, तेव्हा ऑइल सांडण्यापेक्षा गार्ड वाजलेला बरा.

आरसीवर ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेला नसतो, पण गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाजूने आहे, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर चकती बघून प्रश्न विचारू शकतो, म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारून ठेवा.

आता मनाली. मी जानेवारीत डिझायर घेऊन गेलोय, त्यामुळे सांगतो, तिथे उंचीने अडत नाही. अटल टनेल ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं, ९.०२ किमी, पलीकडे बाहेर पडलं की सिस्सू जवळच, रस्ता डांबरी आणि चांगला. त्रास होतो तो सावलीतल्या वळणांवर, जिथे ऊन पोचत नाही आणि रात्रीचं पाणी काचेसारखं गोठलेलं असतं. तिथले टॅक्सीवाले समोरून येताना हात दाखवून सांगतात, आगे पाला है. त्या पाल्यावर १६५ काय आणि २०० काय, गाडी ब्रेक लावल्यावर सरळ घसरते, उलट उचललेल्या गाडीचं वजन वर गेल्यामुळे वळणात जास्त झुकते. साधे टायर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतात आणि पकड सोडतात. खरे विंटर टायर, ज्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण छापलेला असतो, ते आपल्याकडे सेडानच्या साइजमध्ये सहज मिळत नाहीत. म्हणून निदान नवे टायर, आणि चेन.

चेन पुढच्या चाकांना, कारण सिटीची ताकद पुढे. पुण्यात असतानाच पार्किंगमध्ये एकदा लावून बघा, मनालीत बधिर बोटांनी पहिल्यांदा लावायला बसलात तर रडाल. आणि इथे लिफ्टवाले एक गोष्ट सांगत नाहीत: वरून चकती घातली की चाक आणि मडगार्डमधली फट वाढते, पण टायरची आतली बाजू आणि शॉकअप यांच्यातली फट तेवढीच राहते, चेन घासते ती तिथे. रुंद टायर टाकले तर ती फट अजून कमी होते, त्यामुळे १८५ टाकणार असाल तर चेन पण त्याच साइजची, बारीक कड्यांची घ्या आणि लावून स्टिअरिंग फिरवून बघा. चेन लावून ३० च्या वर जायचं नाही, आणि डांबर दिसलं की काढायची.

उंचीचा एकच फायदा आहे तिकडे, ताज्या बर्फात मोठ्या गाड्यांच्या चाकोऱ्या पडून मधला बर्फ रात्री दगड होतो, तो खालून लागतो. पण त्यासाठी तो चेंबर गार्ड आहेच.

निघायच्या आधी कूलंट बदला, दर सर्व्हिसला आपण नळाचं पाणी ओतत राहतो, ते गोठलं की इंजिनचं काम निघतं, ५०:५० ग्लायकॉलचं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

आणि बर्फ पडल्यावर सोलंगच्या पुढे पोलीस फक्त फोर-बाय-फोर किंवा चेनवाल्या गाड्या सोडतात, कधी कधी फक्त फोर-बाय-फोरच. तुम्हाला थांबवलं तर गाडी उचललीय असं सांगून काही उपयोग नाही, तिथेच लावून ठेवा आणि लोकल टॅक्सीने सिस्सू करून या, भाडं आधी ठरवून घ्या.