बॅटरीवरच्या लॉन मोवरची निगा कशी राखावी?

पेट्रोलचं मशीन काढून बॅटरीवरचं घेतलं, आता ऑइल नाही, प्लग नाही, मग सांभाळायचं काय, असं तुम्ही विचारलंय. आणि दुसऱ्याच वर्षी एका चार्जमध्ये जेमतेम अर्धं लॉन होतंय, म्हणजे बॅटरी गेली का?

कदाचित गेली नसेल. आधी पातं बघा. माझंही असंच झालं होतं. मी नवी बॅटरी मागवायच्या बेतात होतो. सहज मशीन उलटं केलं, तर पात्याची धार बोथट आणि आतल्या बाजूला वाळलेल्या गवताचा जाड थर. दोन्हींमुळे मोटरवर जोर येतो, ती जास्त करंट ओढते आणि बॅटरी लवकर उतरते. थर खरवडला, पात्याला धार लावली आणि जुनीच बॅटरी पुन्हा पूर्ण लॉन काढू लागली. नवी घेतली असती तर तीही तशीच रडली असती.

धार गेल्याची खूण गवतावर दिसते. कापल्यावर एक-दोन दिवसांनी गवताच्या पात्यांची टोकं फाटल्यासारखी, पांढुरकी-तपकिरी दिसली, की मशीन गवत कापत नसून ओरबाडतंय असं समजा.

पात्याला हात लावण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवा, सेफ्टी की (मशीनची सुरक्षा किल्ली) असेल तर तीही. बटण बंद केलंय, एवढ्यावर विसंबू नका. जाड हातमोजे घाला. बोल्ट सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वॉशर कुठल्या क्रमाने होते आणि पात्याची कुठली बाजू खाली होती ते नंतर हमखास आठवत नाही. (उलटं बसवलेलं पातं फिरतं झकास, कापत मात्र नाही. अनुभवाचे बोल!) कानस धारेच्या मूळ उतारावरूनच चालवा. वस्तऱ्यासारखी धार काढू नका, तिचे लगेच टवके उडतात. मग मधल्या भोकात खिळा घालून पातं आडवं टांगा. जी बाजू खाली झुकेल ती जड, तिकडून थोडं आणखी घासा. तोल चुकला तर मशीन थरथरतं आणि बेअरिंगवर ताण येतो. तडा दिसला तर मात्र धार लावत बसू नका, पातं बदला. बसवताना बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलाय तेवढा घट्ट करा.

साफसफाईचं म्हणाल तर पाइपने पाणी मारू नका, प्रेशर वॉशर तर नाहीच. प्लास्टिकच्या उलथन्याने थर काढायचा, ओलसर फडक्याने पुसायचं. मोटरच्या हवेच्या जाळीत अडकलेला कचरा कोरड्या ब्रशने झाडा, जाळी तुंबली की मोटर तापते. ओलं गवत कापायचं टाळलंत तर हा व्याप निम्म्याने कमी होतो.

आता बॅटरी. ती लिथियम-आयनची आहे असं धरतो. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, निवू द्या. तापमान शून्य अंशाच्या खाली असेल तर चार्ज करूच नका, आत लिथियमचा थर साचून ती कायमची बिघडते. दर वेळी पूर्ण उतरवून मगच चार्ज करायची, ही सवय जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली. इथे तिचा उपयोग नाही, अर्धवट चार्ज चालतो.

हंगाम संपला की ४० ते ६० टक्के चार्जवर बॅटरी मशीनमधून काढून थंड, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात तापणाऱ्या शेडमध्ये राहिली तर लवकर म्हातारी होते. अगदी रिकामी ठेवली तर काही महिन्यांनी चार्जर तिला ओळखतच नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा बॅटरीवरचे चार्ज दाखवणारे दिवे बघून घ्या. तुमचं मशीन जुनं, लेड-ॲसिड बॅटरीचं असेल तर नेमकं उलटं करायचं, ती पूर्ण चार्ज करूनच ठेवायची. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर तिथेच थांबवा आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका.

आणि एक, गवत फार वाढलं असेल तर एका फेरीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. उंची वर ठेवून एक फेरी मारा, काही दिवसांनी खाली घेऊन दुसरी.

एवढं करूनही अर्धंच लॉन होत असेल, तर मग बॅटरीवर संशय घ्या.