आठ जीबीत क्यूबिट मावतात किती?

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर किस्किटमध्ये (क्वांटम संगणकाची नक्कल करता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) २५ क्यूबिटचे (क्वांटम संगणकातील माहितीच्या मूळ एककांचे) सर्किट चालते, पण ३० क्यूबिटना मेमरी अपुरी पडते. नवा लॅपटॉप घ्यावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : घाई करू नका. सर्किटची संपूर्ण अवस्था साठवायची, तर जितके क्यूबिट तितक्या वेळा १ ला २ ने गुणून येतील एवढ्या संमिश्र संख्या ठेवाव्या लागतात, आणि प्रत्येकीला साधारणपणे १६ बाइट लागत असल्यामुळे २५ क्यूबिटना अर्धा जीबी पुरतो, तर ३० क्यूबिटना १६ जीबी लागतात. चवथीच्या सवलतीत दुप्पट रॅमचा लॅपटॉप आणलात, तरी पदरात एकच क्यूबिट जास्त पडेल. तेवढी बचत तर एकेरी अचूकता (प्रत्येक संख्येला १६ ऐवजी ८ बाइट) निवडूनही फुकट होते.

त्यापेक्षा सर्किट तपासा. त्यात केवळ हॅडामार्ड, एस आणि सीनॉट ही गेट (क्यूबिटांवरच्या मूलभूत क्रिया) असतील, तर किस्किट एअर या किस्किटच्या सिम्युलेटरमधील ‘स्टॅबिलायझर’ पद्धतीने शेकडो क्यूबिटही याच लॅपटॉपवर हाताळता येतात. टी गेट आले की ही सोय संपते. अशा वेळी, क्यूबिटांमधले एन्टँगलमेंट (त्यांच्या अवस्थांची एकमेकींतली गुंतागुंत) मर्यादित असल्यास, ‘मॅट्रिक्स प्रॉडक्ट स्टेट’ ही पद्धत वापरून पाहावी.