बॅटरीचा फ्यूज शाबूत, सेन्सरचा सप्लाय खलास

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या रेसकारमध्ये सस्पेन्शन सेन्सरची वायर घासून १२ व्होल्टला टेकली आणि डेटा लॉगरचा (सेन्सरची मापं नोंदवणाऱ्या यंत्राचा) ५ व्होल्टचा सप्लाय गेला. बॅटरीकडचा फ्यूज मात्र शाबूत! असं कसं?

उत्तर : तो फ्यूज वायरिंग पेटू नये म्हणून असतो, लॉगरमधल्या ५ व्होल्ट देणाऱ्या चिपसाठी, म्हणजे रेग्युलेटरसाठी नव्हे. शिवाय करंट आला मागच्या दाराने, सेन्सरच्या वायरमधून उलटा. प्रत्येक सेन्सरच्या ५ व्होल्ट लाइनला वेगळा पॉलिफ्यूज (करंट वाढला की तापून तो रोखणारा, थंड झाल्यावर पूर्ववत होणारा फ्यूज) घाला. इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या लाइनवर प्रत्यक्षात १४ व्होल्टच्या आसपास असतात, म्हणून ३० व्होल्टचा घ्या. ६ व्होल्टचा स्वस्तातला तोच जळेल. पॉलिफ्यूजच्या आत, लॉगरच्या बाजूला, लाइन ते ग्राउंड टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज ग्राउंडकडे वळवणारा) लावा. क्रम उलटा केलात तर डायोडच भाजून निघेल. तरी मोठ्या करंटला ५ व्होल्टचा टीव्हीएसही ९ व्होल्टपर्यंत चढू देतो, तेव्हा रेग्युलेटर तेवढं सोसतो का, ते त्याच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) बघा. आणि चासीवर वेल्डिंग करताना लॉगरचे सगळे कनेक्टर काढाच.